अध्यक्ष आठव्या मजल्यावर

माझे मामा विजयराघव राव अध्यक्ष झाले, त्या वेळी ते हात धुवायला गेले होते.

कुंभकोणम् आणि आसपासच्या आर्किटेक्ट, इंजिनिअर, कंत्राटदार मंडळींची एक संस्था आहे. गावात सगळे तिला नुसतं ‘संगम’ म्हणतात. त्या वर्षी अध्यक्षपदाला दोघे जण उभे होते आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं. सभेत भांडण होणार हे नक्की, म्हणून जेवण आधी उरकून घेतलं होतं. पायसम्, म्हणजे खीर, संपवून मामा पानावरून उठले, तेवढ्यात सेक्रेटरी गुरुमूर्ती म्हणाले, “ज्याचं कुणाशीच वाकडं नाही, असा एखादा माणूस निवडू या का?”

असा माणूस सगळ्या सभागृहात एकच होता.

मामा ओले हात झटकत परत आले तर गळ्यात हार पडला. कुणाचा तरी वाढदिवस असेल आणि चुकून आपल्याला घातला, असं समजून त्यांनी तो काढला आणि शेजाऱ्याच्या गळ्यात घातला. शेजारी म्हणजे त्या दोन उमेदवारांपैकी एक. दुसरा ताडकन उभा राहिला. गुरुमूर्तींनी धावत जाऊन हार सोडवून आणला आणि पुन्हा मामांच्या गळ्यात घालून, तो धरूनच ठेवला.

मी कीर्ति, त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं त्या काळात आमचे पूर्वज इकडे आले आणि इकडचेच झाले. घराबाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी, तीही अशी जुन्या वळणाची, की पुण्यात शिकत असताना मी तोंड उघडलं की मैत्रिणी म्हणायच्या, ही बखरीतून उठून आलीय. आर्किटेक्ट होऊन मी परत आले आणि मामांच्याच ऑफिसात कामाला लागले.

मामांचं काम पंचक्रोशीत नावाजलेलं. पण त्यांचा एक नियम होता. तळमजला आणि त्यावर एक मजला. संपलं. दुसऱ्या मजल्याचं नाव काढलं की ते नकाशाची गुंडाळी करून परत देत. कुणी कारण विचारलं तर म्हणत, “देवळांच्या गावात माणसाने गोपुराच्या खांद्याला खांदा लावू नये.” लोकांना हे इतकं आवडलं, की वर्तमानपत्रात छापून आलं. कॉलेजच्या मुलांनी त्यावर प्रबंध लिहिले. मी स्वतः पुण्यात या विषयावर भाषण ठोकून टाळ्या घेतल्या होत्या.

खरं कारण मला जयलक्ष्मी मामीनं सांगितलं. मी नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. गच्चीचं माप घ्यायचं होतं आणि मामा मला एकटीलाच वर पाठवून खाली पेरूच्या झाडाखाली उभे राहिले, याचं मला नवल वाटलं होतं.

“त्यांना भोवळ येती गं,” मामी कॉफी गाळत म्हणाली. “उंचावर गेले कीं पाय लटलट. लग्न झाल्यावर कोडैकनालला गेलों आम्ही. सगळे दरी पाहायला उतरले. हे बसमध्येंच बैसले, डोळे मिटून. ड्रायव्हरला म्हणाले, तुमच्या ब्रेकविषयीं जरा बोलूं.”

“म्हणजे गोपुराचा मान वगैरे…?”

“तें नंतर सुचलं.”

एका माणसाच्या चक्करीमुळे अर्ध्या गावाची उंची ठरली होती, आणि कुणाला पत्ता नव्हता.

अध्यक्ष झाल्यावर पहिल्या महिन्यात मामा घाबरून होते. दुसऱ्या महिन्यात त्यांना गोडी लागली. तोवर कधी कुठल्या व्यासपीठावर न चढलेला हा माणूस, आता रोज सकाळी काठाची वेष्टी, इकडचं पांढरं धोतर, नेसून तयार! भूमिपूजन, टाइल्सच्या दुकानाचं उद्घाटन, सिमेंटवाल्यांचं रात्रीचं जेवण, पॉलिटेक्निकमध्ये पुलांच्या मॉडेलची स्पर्धा, चोळपुरमला कुणाच्या नव्या घराची वास्तुशांत, तिरुनीलक्कुडीला शाळेच्या खोलीचा पहिला दगड. प्रत्येक ठिकाणी खांद्यावर जरीची शाल पडायची. गाडीची डिकी शालींनी भरली. उरलेल्या शाली मामीनं सोफ्याला, टीव्हीला, मिक्सरला आणि एकदा चुकून झोपलेल्या पाहुण्याला पांघरल्या.

“गावांत एक इंजिनिअर होता,” मामी म्हणायची, “आतां एक नवरदेव झाला.”

मामांना हे लागायचं नाही. ते खूश होते. फीत कापताना कात्री बोथट निघाली तर पंचाईत, म्हणून ते स्वतःची कात्री खिशात बाळगत. एकदा त्याच कात्रीनं त्यांनी भलतीच फीत कापली. शेजारीशेजारी दोन दुकानं होती, एक बाथरूम फिटिंग्जचं आणि एक मिठाईचं. दोन्हींचं उद्घाटन एकाच मुहूर्तावर. मामा गाडीतून उतरले ते थेट मिठाईवाल्याच्या दारात. फीत कापली, दिवा लावला आणि समोर रांगेनं मांडलेल्या म्हैसूरपाकाकडे पाहत पाणीपुरवठ्याच्या दर्जावर मनापासून बोलले. मिठाईवाल्याला वाटलं, आपल्या पाकाबद्दल चाललंय. तो हात जोडून रडायच्या बेताला आला. गुरुमूर्तींनी कसंबसं त्यांना शेजारी नेलं, तर तिथं त्यांनी तेच भाषण पुन्हा केलं आणि पहिल्यापेक्षा चांगलं झालं. दोन्ही दुकानं आज जोरात चालतात.

मग राजगोपालांची पत्रिका आली.

राजगोपाल हे गावातले मोठे बिल्डर. बायपासपाशी त्यांनी फ्लॅटची इमारत उभी केली होती, आठ मजली. आमच्या गावाच्या मानानं आकाशाला भिडलेली. तिच्या शेवटच्या स्लॅबचा समारंभ होता. पत्रिका मामांना न विचारताच छापलेली आणि वर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं, की काँक्रीटचं पहिलं घमेलं संगमचे माननीय अध्यक्ष स्वहस्ते गच्चीवर ओततील.

मामांनी पत्रिका वाचली आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. खुर्ची जमिनीवरच होती.

“सांगून टाका कीं,” मामी म्हणाली. “मला होत नाहीं म्हणा.”

“कसं सांगूं? लोक म्हणतील, इतकीं वर्षं गोपुर गोपुर म्हणत होता, आणि हें होतं होय!”

“मग पोट बिघडलंय म्हणा.”

“पोटाचं राजगोपालला सांगितलों तर तो डॉक्टर घेऊन येईल. तसा चांगला माणूस आहे तो.” मामा एकदम उठले. “कीर्ते, अभ्यास करूं. सवय होईल.”

अभ्यास जेवणाच्या टेबलावरून सुरू झाला. त्यावर मामा उभे राहू शकले. मग आम्ही घराच्या गच्चीवर गेलो. एकच मजला, तोही त्यांनी स्वतः बांधलेला. मामा जिन्याच्या तोंडाशी थांबले, आत श्वास घेतला, धावत गच्चीच्या मधोमध गेले आणि सपाट पालथे पडले.

“मामा!”

“बेष आहे,” ते फरशीला गाल लावून म्हणाले. “असं पडलों कीं कांहीं होत नाहीं.”

समोरच्या घरातल्या बाईंनी हे पाहिलं आणि हाकाटी केली, की सार, म्हणजे आपले सर, पडले. दहा माणसं, शुद्धीवर आणायला, सोड्याच्या बाटल्या घेऊन दारात जमली. मामी शांतपणे बाहेर येऊन म्हणाली, “काही नाही हो. स्लॅबला कान लावून गळती ऐकताहेत.” गर्दी पांगली. दुसऱ्या दिवशी दोघांचे फोन आले, आमचाही स्लॅब ऐकून द्या म्हणून.

समारंभाच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. फाटकाला केळीचे खांब बांधलेले, नादस्वरम्, म्हणजे इकडची सनई, चालू, आणि इमारतीवर टांगलेल्या फ्लेक्सवर मामांचा चेहरा दीड मजला उंच. मामांनी वर आपल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तेवढ्यानंच त्यांना गरगरलं.

लिफ्ट अजून बसली नव्हती. सामान न्यायचा पाळणा होता, पण साइट इंजिनिअर नित्या ही कडक मुलगी होती. “पाळण्यातून माणूस जाणार नाही, सार,” ती म्हणाली. “जिना आहे.”

जिना होता, पण त्याला कठडा नव्हता. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला मोकळं.

मामांनी भिंतीकडे तोंड केलं. दोन्ही तळवे तिच्यावर टेकले आणि खेकड्यासारखे आडवे आडवे चढू लागले. नाक प्लास्टरपासून चार बोटांवर. डोळे ताठ. एखादी पायरी चढून ते थांबत, तळवा भिंतीवर दाबत, दीर्घ श्वास घेत आणि पुढे सरकत. मागून सगळं संगम, हारतुरे घेऊन, त्याच चालीनं.

राजगोपालांचा चेहरा पडत चालला. तिसऱ्या मजल्याशी त्यांनी मला हळूच विचारलं, “प्लास्टरमध्ये काही दोष दिसतोय का सारना?”

मी मामांकडे पाहिलं. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले. “ते तपासताना बोलत नाहीत,” मी म्हटलं.

राजगोपालांनी मेस्त्रीला खूण केली. मग जिथं जिथं मामांचा तळवा थांबला, तिथं मेस्त्री खडूनं गोल काढत आला. सहाव्या मजल्यापर्यंत भिंतभर गोल झाले. मला हसू आवरेना, मी पदर तोंडात कोंबला. मग आजूबाजूला पाहिलं, तर मामी कुठंच नव्हती.

मी मामांना मागे टाकून वर गेले, तर ती केव्हाच पोचली होती. झपझप चढून, रेशमी नऊवारी सावरत, गच्चीच्या कडेला नित्यानं बांधलेल्या दोरापाशी उभी होती आणि वाऱ्यानं पदर उडतोय याची शुद्धच नव्हती तिला. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं, की लग्न झाल्यापासून ही बाई पहिल्या मजल्याच्या वर गेलीच नव्हती. नवरा जात नाही म्हणून.

मामा जिन्यातून वर आले. भिंत संपली. समोर सळयांची जाळी, तिच्यावर टाकलेल्या फळ्या आणि चारही बाजूंना नुसतं आकाश. गुरुमूर्तींनी त्यांच्या हातात माइक दिला. मामांनी एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि मांडी घालून खाली बसले. जरीच्या काठासकट.

माइक चालू होता. खाली मांडवातल्या कर्ण्यांतून मामांचा श्वास अख्ख्या बायपासला ऐकू येत होता.

“मला उंचीची भीती वाटते,” मामा तमिळमध्ये म्हणाले. “लहानपणापासून. म्हणून मी उंच बांधलं नाही. गोपुराचं कारण चांगलं आहे, पण माझं ते नव्हे.”

मग मामांच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं, रडतायत. ते हसत होते. आधी नाकातून, मग पोटातून, मग खांदे गदागदा हलवत. इतक्या वर्षांचं ओझं असं चार वाक्यांत उतरेल, हे त्यांना माहीतच नसावं.

“सार,” गुरुमूर्ती म्हणाले आणि त्यांच्या शेजारी बसले. “मलाही.”

“तुम्हालाही?”

“मी पाण्याच्या टाक्या डिझाइन करतो. एकीवरही चढलेलो नाही.”

मागून आणखी एक जण बसला. मग ते दोन उमेदवार, एकमेकांशी न बोलणारे, एकमेकांचा दंड धरून बसले. फळ्यांवर संगमची पंगतच बसली. शेवटी राजगोपालांनी कपाळावरचा घाम पुसला. “चौथ्या स्लॅबनंतर मी वर आलोच नव्हतो,” ते म्हणाले. “नित्या मला फोनवर व्हिडिओ दाखवते. तोही मी डोळे बारीक करून बघतो.” आणि तेही बसले.

आता उभे होते फक्त मजूर, मेस्त्री, नित्या आणि मामी. मजुरांना आधी काही कळेना. मग घमेलं घेतलेल्या बायकांमधली एक फिस्सकन हसली, तिच्यामागची हसली, आणि मग गच्चीवर असं हसू फुटलं की विचारू नका. गावातले सगळे बांधकामतज्ज्ञ जमिनीला चिकटून बसलेले आणि पोट धरून हसताहेत! “सार, बसूनच टाका,” ती बाई म्हणाली आणि भरलेलं घमेलं तिनं मामांच्या मांडीपाशी आणून ठेवलं, एखाद्या बाळापुढे ताटली ठेवावी तसं. मामांनी ते दोन्ही हातांनी लोटलं. काँक्रीट सळयांत गेलं आणि निम्मं वेष्टीवर.

खाली नादस्वरम् वाल्यांना कर्ण्यातून नुसता गलका ऐकू येत होता. मुहूर्त लागला असं समजून त्यांनी लग्नात मंगळसूत्र बांधताना वाजवतात तो जलद मेळ सुरू केला. साथीचा तविल ढोल असा कडाडला, की रस्त्यावरचे लोक थांबून अक्षता शोधू लागले.

हसता हसता मामा थांबले. माइक अजून हातात होता.

“राजगोपाल, जिन्याला कठडा नाही.”

“शेवटी स्टीलचा बसवणार आहोत, सार.”

“मी भिंतीला चिकटून आलो. या बायका डोक्यावर घमेलं घेऊन येतात, त्यांनी कुठं चिकटायचं?”

राजगोपाल नित्याकडे पाहू लागले.

“बांबूचा तरी बांधा, असं मी दोनदा म्हटलं होतं,” नित्या म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण चांगला मोठा.

“आज बांधतो,” राजगोपाल म्हणाले. “आत्ता.”

“मग तो बांधून होईपर्यंत,” मामा म्हणाले, “संगमचा एकही माणूस खाली उतरणार नाही. अध्यक्ष तर नाहीच नाही.” यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. अर्थात, उतरायची हिंमत तशीही कुणात नव्हती.

बांबू आले. खालून वर बांधत येणार म्हणजे दुपार होणार. मग जेवण पाळण्यातून वर आलं. गच्चीवरून सगळे बसल्या बसल्या तेवढा एकच जिना सरकत उतरले आणि आठव्या मजल्यावर, ओल्या स्लॅबच्या खाली नव्हे, जिन्यालगतच्या पक्क्या भागात, केळीची पानं मांडली. सांबार, कूटू, वडे, पायसम्. एका पंगतीत राजगोपाल, मेस्त्री, त्या बायका आणि अख्खं संगम. ते दोन उमेदवार एकमेकांना आग्रह करत होते. असं जेवण मी पुन्हा कधी जेवले नाही.

मामी तेवढी आली नाही. खिडकीच्या मोकळ्या चौकटीपाशी, दोर धरून उभी होती. “ओ,” तिनं हाक मारली, “इकडे या कीं.”

“मी इथंच बेष आहें.”

“आपलं घर दिसतंय!”

मामांनी पायसम् संपवलं. मग हात न धुताच, रांगत, त्या चौकटीपासून हातभर अंतरापर्यंत गेले. मामीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी त्यांचा पाय धरला.

खाली सगळं गाव होतं. गोपुरं, तळी, कावेरीची लांब रेघ, उत्तरेला चोळपुरमकडची भातशेतं आणि मध्ये गल्ल्यागल्ल्यांतून, मामांनी बांधलेली घरं. एक, दोन, कितीतरी. त्यांनी ती कधीच वरून पाहिली नव्हती. मामी बोट दाखवत होती आणि मामा नावं सांगत होते, हें डॉक्टरांचं, हें मुकुंदरावांचं, हें आपलं.

मग ते थबकले. “कीर्ते.”

“काय मामा?”

“सगळीं एकसारखींच आहेत गं!” आणि त्यांना पुन्हा जे हसू फुटलं, ते मामीला लागलं, मामीचं मला.

उतरताना मात्र त्यांनी भिंत सोडली. नवा बांबू धरून, समोर पाहत, हळूहळू उतरले. दर मजल्यावर थांबून म्हणत, “अजून घाबरतों आहें बरं का,” आणि पुढची पायरी उतरत.

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. संगमनं ठराव केला आहे, की जिन्याला निदान बांबूचा कठडा असल्याशिवाय अध्यक्ष कुठल्याही समारंभाला येणार नाहीत. फोटोत अध्यक्ष हवेतच, म्हणून बिल्डर आता आधी कठडा बांधतात आणि मग पत्रिका छापतात. नित्या संगमची सदस्य झाली आणि भेटेल त्या साइटवर जाऊन बांबू हलवून पाहते. मामांना दुसऱ्यांदा निवडलं, या वेळी समोर बसवून. त्यांनी एका वसतिगृहाचं काम घेतलंय, चार मजल्यांचं. स्लॅबच्या मधोमध त्यांच्यासाठी खुर्ची असते, ते तिथून हुकूम सोडतात आणि कडेला मी जाते.

राहिली मामी. तिला राजगोपालांच्या इमारतीत फ्लॅट हवाय, अगदी वरचा. मामा दुसऱ्या मजल्यापर्यंत तयार आहेत. रोज संध्याकाळी कॉफीच्या वेळी वाटाघाटी चालतात. काल पाचव्यापर्यंत आल्या होत्या.